टेकू कुणी लावायचा?

खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना घातला होता. रोगी तिथवर पोचवता पोचवता सावित्रीबाईंनाच लागण झाली. आपल्या भागातल्या घरांचा आणि सरकारचा संबंध कसा जुळत गेला, हे सांगायचं तर याच साथीपासून सुरुवात करावी लागते. त्याआधी सरकारला रयतेच्या घराशी कर्तव्य होतं ते पट्टीपुरतं. घरात हवा येते का, भिंत ओली आहे का, एका खोलीत किती माणसं निजतात, हे विचारायला कुणी आलं नव्हतं. प्लेग आला आणि सरकार थेट स्वयंपाकघरापर्यंत शिरलं.

मुंबईत 1896 च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात पहिले रोगी सापडले. मग घरोघर तपासणी सुरू झाली. जे घर माणसाने राहण्याजोगं नाही असं ठरे, त्याच्या भिंतीवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. अक्षरं रंगवणारा निघून जाई, घरातल्यांनी कुठे जायचं ते त्या भिंतीवर लिहिलेलं नसे. पुण्यात या तपासणीने लोकांना इतकं जेरीस आणलं की 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. गलिच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर चाळी उभारण्याचं काम त्याच्याकडे आलं. रस्ते झाले, चाळीही झाल्या, पण सुरुवातीची बरीच वर्षं पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. परळच्या बीआयटी चाळी या मंडळाच्याच, त्यातल्या एकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची उमेदीची वर्षं गेली.

तपासणी करणारा एक आणि दुरुस्तीचा खर्च सोसणारा दुसरा, हा पेच तेव्हापासून आपल्या शहरांच्या मागे लागला आहे. आज उंच इमारतींच्या फायर ऑडिटच्या नोटिसा पाहिल्या की मला तीच भिंतीवरची अक्षरं आठवतात. पण मधे एक काळ असा आला होता की या महाराष्ट्राने हा पेच सोडवायचं मनावर घेतलं. त्या काळाची हकिकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

खंडाळा, माण, खटाव, कोरेगाव या पट्ट्यातून मुंबईला जाणारी माणसं पावसाने पाठ फिरवली की निघत. खंबाटकीचा घाट उतरून शिरवळ, तिथून पुणं आणि मग बोरीबंदर. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, घोडपदेव या भागात गावाच्या नावाने खोल्या असत. त्यांना गावकीचे गाळे म्हणत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा होई. वळकट्या आढ्याला, ट्रंका भिंतीला, कपडे दोरीवर. जेवण खाणावळीत. पगार झाला की मनीऑर्डर गावाला. सातारा-सांगलीकडची किती घरं, किती विहिरी, किती लग्नं या खोल्यांतून उभी राहिली याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही. पण प्रत्येक गावात एकदोन म्हातारी माणसं अजून सापडतात, ज्यांना आपल्या गाळ्याचा नंबर तोंडपाठ असतो.

त्या खोल्या ज्या इमारतींत होत्या त्यांची बांधणी समजून घ्यायला हवी. गिरणगावातल्या आणि त्याच्या दक्षिणेला भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव, उमरखाडी भागातल्या बहुतेक खासगी चाळी लाकडी सांगाड्यावर उभ्या. सागवानी खांब, सागवानी तुळया, त्यांच्या मधे विटांची भरणी, वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर लादी-कोबा. समोर लाकडी कठड्याची गॅलरी, एका टोकाला सामाईक मोरी आणि संडास. जिना लाकडी, बहुधा एकच. या बांधणीला दोन शत्रू. मोरीचं आणि पावसाचं पाणी मुरून तुळईची टोकं भिंतीत कुजतात, हा पहिला. दुसरा शत्रू म्हणजे आग.

पहिल्या शत्रूकडे सरकारचं लक्ष गेलं. त्यामागचं कारण भाड्यात होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत भाडी भडकली तेव्हा 1918 मध्ये भाडेनियंत्रण आलं. ते काही वर्षांनी संपलं. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आलं आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पक्कं झालं. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं गेलं. गिरणी कामगाराच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे जीव वाचवणारा होता, यात मला शंका नाही. हा कायदा नसता तर परळ-लालबागला कामगार वस्ती राहिलीच नसती. पण महिन्याला पाच-सात रुपये भाडं देणाऱ्या खोलीसाठी घरमालक नवी तुळई घालणार नव्हता. इमारत जितकी जुनी होत गेली तितका मालक तिच्यापासून दूर गेला. भाडेकरूने पागडी देऊन खोली घेतलेली, तो म्हणे दुरुस्ती मालकाची. मालक म्हणे भाडं परवडत नाही. दरम्यान तुळई कुजत राहिली.

1960 नंतरचे पावसाळे मुंबईला फार महागात पडले. दर जून-जुलैमध्ये कुठे ना कुठे चाळ कोसळे. गॅलरी कोसळली, जिना खचला, मागची भिंत पडली, अशा बातम्या नेहमीच्या झाल्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने बेडेकर समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून 1969 मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मंडळाचं काम 1971 पासून सुरू झालं. योगायोगाची गोष्ट अशी की माथाडी कामगारांचा कायदाही त्याच 1969 चा. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याचं ते फळ. सातारा जिल्ह्यातून मुंबईत ओझी वाहायला गेलेल्या माणसाच्या पाठीचा विचार आणि त्याच्या डोक्यावरच्या छपराचा विचार एकाच साली विधिमंडळात झाला. माझ्या मते महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या सर्वांत भल्या वर्षांपैकी ते एक आहे.

दुरुस्ती मंडळाच्या कायद्याचा गाभा सांगतो. बेट शहरातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर एक उपकर बसवला. तो महापालिकेने मालमत्ता करासोबत वसूल करायचा. त्यात राज्य सरकारने आणि महापालिकेने भर घालायची. जमलेल्या पैशातून मंडळाने इमारतींची पाहणी करायची, धोक्याच्या ठरतील त्यांची संरचनात्मक दुरुस्ती करायची, आणि जिची दुरुस्ती ठरावीक मर्यादेबाहेर जाईल ती पाडून नवी बांधायची. तोवर भाडेकरूंना संक्रमण शिबिरात जागा द्यायची. उपकरात आलेल्या इमारतींची संख्या 19,642. त्यांचे तीन वर्ग पाडले. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या 16,502 इमारती अ वर्गात, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या 1,489 ब वर्गात, आणि 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 1,651 क वर्गात. पुढे 1976 च्या कायद्याने म्हाडा झाली आणि मंडळ तिच्यात आलं.

यातलं तत्त्व नीट पाहावं. इमारत खासगी मालकीची, भाडेकरू खासगी, करार खासगी. तरीही छप्पर डोक्यावर पडू नये ही जबाबदारी सगळ्यांच्या तिजोरीची, असं राज्याने कायद्याने मान्य केलं. पाहणीचा खर्च सार्वजनिक, दुरुस्तीचाही सार्वजनिक. खासगी घरांच्या दुरुस्तीचा भार इतक्या मोठ्या प्रमाणावर उचलणारी योजना देशात दुसरीकडे शोधून सापडणं अवघड. 'आधी तू की आधी मी' या वादात तुळई कुजत होती, तो वाद सरकारने बाजूला सारला.

प्रत्यक्षात काम कसं चाले तेही सांगितलं पाहिजे. मंडळाचा अभियंता चाळीत येई. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे हातोडीने ठोकून पाही. आवाज पोकळ आला तर लाकूड आतून गेलेलं. खांबाच्या बुडाशी वाळवी, मोरीच्या बाजूची ओल, गॅलरीच्या कडीचा कल, हे सगळं नोंदवलं जाई. तातडीचं असेल तर आधी टेकू. लाकडी बल्ल्यांचे टेकू लावून गॅलरी उचलून धरायची आणि मग दुरुस्तीचं कंत्राट निघायचं. कुजलेल्या सागवानी तुळईच्या जागी लोखंडी गर्डर, लाकडी खांबाच्या जागी लोखंडी स्तंभ, जिन्याची दुरुस्ती, संडासाच्या बाजूची नवी भिंत. गिरगाव-लालबागला आजही असे निम्मे लाकडी निम्मे लोखंडी सांगाडे दिसतात. टेकू लागले की काही ठिकाणी पाच-पाच वर्षं तसेच राहत आणि पोरं त्यांच्याभोवती लपंडाव खेळत मोठी होत.

मंडळाच्या कामावर टीका भरपूर झाली आणि ती रास्तही आहे. दुरुस्ती तुकड्यातुकड्याने झाली. संक्रमण शिबिरात गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाली, त्यांना कायमची घरं देण्यासाठीची बृहत्सूची वर्षानुवर्षं हलली नाही. भेंडीबाजारची हुसैनी इमारत धोकादायक म्हणून ठाऊक असूनही 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळली आणि 33 माणसं गेली. तरीही या योजनेने हजारो चाळी उभ्या ठेवल्या, हे कुणी नाकारू नये. गिरण्यांचा 1982 चा संप फसल्यावर कामगारांकडे नोकरी राहिली नाही, पण खोली राहिली. ती खोली उभी होती म्हणून पोरं मुंबईत शिकू शकली.

आता दुसरा शत्रू.

मुंबईला आगीची ओळख फार जुनी. 17 फेब्रुवारी 1803 रोजी कोटात लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. आग पसरू नये म्हणून तोफा लावून घरं पाडली. त्यानंतर कोटाबाहेर नव्या वस्तीला जोर आला. आजचं काळबादेवी, भुलेश्वर हे त्याच वाढीचं फळ. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. घरं गमावलेल्या लोकांना सरकारने भरपाई दिली. म्हणजे आगीने झालेलं नुकसान सरकारने भरून द्यावं, इथवर आपण 1944 मध्येच आलो होतो. नुकसान होऊ नये म्हणून आधी खर्च करावा, तिथे मात्र पोचलो नाही.

1969 च्या कायद्यात 'संरचनात्मक दुरुस्ती' हे शब्द होते. इमारत पडू नये एवढंच त्यांच्या पोटात होतं. इमारत जळू नये हे नव्हतं. मंडळाचा अभियंता तुळईला हातोडी मारी तेव्हा त्याच्या पाठीमागे लाकडी जिन्याखाली मीटरची पेटी असे. ती त्याच्या कामात मोडत नसे. त्या पेटीतून मूळ बेतलेल्या दोन दिव्यांच्या जागी प्रत्येक खोलीला पंखा, फ्रिज, मिक्सर, पुढे एसी जोडला गेला. कापडी आवरणाच्या जुन्या वायरींवरच नवा भार चढला. गाळ्यात रॉकेलचे स्टोव्ह होते, नंतर गॅसच्या टाक्या आल्या. खालच्या मजल्यावर दुकानं, वर सोन्याची कारागिरी, कुठे कापडाची गोदामं. जिना एकच, तोही लाकडाचा, आणि आग बहुतेक वेळा त्याच्याच बुडाशी लागणार. या इमारती तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, त्यामुळे उंच इमारतींसाठीचे कडक नियम त्यांच्या डोक्यावरून जातात. इतकी उघड गोष्ट चाळीस वर्षं कुणाच्या यादीत आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

9 मे 2015, शनिवार. काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवास या लाकडी बांधणीच्या जुन्या इमारतीला आग लागली. माणसं बाहेर काढली गेली. मग जळालेल्या लाकडाने वजन पेलणं सोडलं आणि इमारत आत कोसळली. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात सापडले. दोघे जागीच गेले, दोघे नंतर रुग्णालयात. अग्निशमन दलाची वरची फळी एका लाकडी इमारतीने घेतली. आग आणि पडझड हे दोन वेगळे धोके आहेत, एकाचा पैसा सरकारचा आणि दुसऱ्याचा ज्याचा त्याचा, ही विभागणी त्या संध्याकाळी खोटी ठरली. लाकडी इमारत जळाली की पडतेच.

तोवर राज्यात आगीचा कायदा आलेला होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा, लागू झाला 6 डिसेंबर 2008 रोजी. कायदा चांगला आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यायचं, असं त्यात आहे. जबाबदारी विकासक, मालक किंवा वापरणाऱ्याची. दुरुस्ती मंडळासारखा निधी मात्र त्यात नाही. तपासणीचं कर्तव्य सांगितलं, पैशाचं घरमालकावर सोडलं. सोसायटी असेल तर सोसायटीवर, म्हणजे महिन्याच्या देखभाल खर्चात कुटुंबामागे जे काही येईल त्यावर.

धनिकांच्या सोसायटीला ते झेपतं. पण मुंबईत 1995 नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ज्या सात-सात, बावीस-बावीस मजली इमारती झाल्या, त्यांत राहणारे रिक्षा चालवणारे, घरकाम करणारे, फेरी लावणारे. विकासकाने पाण्याच्या टाकीवर पंप बसवला, आगीसाठी पाणी वर नेणारे रायझरचे लाल पाइप उभे केले, आणि तो निघून गेला. चार-पाच वर्षांत पंप बंद पडतो, नळकांड्यांच्या पितळी तोट्या चोरीला जातात, डक्टमध्ये सामान साठतं. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे वाहनतळाजवळ लागलेल्या आगीचा धूर जिन्यातून वर चढला आणि झोपलेली माणसं गुदमरून गेली. तिथेही इमारत पुनर्वसनाचीच. त्यानंतर अशा इमारतींना बाहेरून लोखंडी जिने लावण्याची चर्चा झाली. चर्चेच्या मुळाशी प्रश्न तोच, टेकू कुणी लावायचा?

बाहेरच्या आवरणाचा धोकाही याच दशकांतला. आपल्याकडे त्याची पहिली मोठी जाणीव 18 जुलै 2014 रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये झाली. सगळी इमारत काचेने मढवलेली, धुराला बाहेर जायला वाट नाही. अग्निशमन दलाचे नितीन इवलेकर त्यात गेले, वर अडकलेल्या जवानांना नौदलाच्या हेलिकॉप्टरने सोडवावं लागलं. धुराचाच धडा पुढे परळला मिळाला: 22 ऑगस्ट 2018 रोजी हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. तो निवासी होता, भोगवटा प्रमाणपत्राविना माणसं राहत होती, चौघं गेली. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओली फडकी तोंडाला लावायला सांगितली आणि माणसं वाचली. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. धुरात काय करायचं ते त्या पोरीला शाळेत शिकायला मिळालं म्हणून बरं झालं.

अशा धोक्यावर पैसा कुणी खर्च करायचा याचं उत्तर ज्या देशाला भयंकर किंमत मोजून द्यावं लागलं तो इंग्लंड. 14 जून 2017 च्या पहाटे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजमधून आग निघाली. 24 मजल्यांच्या या इमारतीला नुकतंच बाहेरून नवं आवरण चढवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर, आपल्याकडे ज्याला एसीपी म्हणतात तो प्रकार. त्या आवरणाने आग खिडकीतून बाहेर घेतली आणि वरपर्यंत नेली. 72 माणसं गेली. मग देशभर तपासण्या झाल्या आणि शेकडो इमारतींवर तेच आवरण निघालं. लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम इथल्या फ्लॅटधारकांच्या हाती आवरण बदलण्याची आणि रात्रंदिवस जागता पहारा ठेवण्याची बिलं पडली. फ्लॅट विकता येईना, त्यावर कर्ज मिळेना. यात तिथे गेलेली मराठी कुटुंबंही होती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे तिथल्या मराठी वस्तीच्या तीन पिढ्या झाल्या. अलीकडच्या पिढीने नव्या टॉवरमध्ये घरं घेतली तीच नेमकी या काळातली.

ब्रिटिश सरकारने सुरुवातीला मालकांकडे बोट दाखवलं. मग 2018 मध्ये सामाजिक घरांसाठी 40 कोटी पौंड, 2019 मध्ये खासगी इमारतींसाठी 20 कोटी, 2020 मध्ये 100 कोटींचा इमारत सुरक्षा निधी आणि 2021 मध्ये आणखी 350 कोटी, अशी रक्कम चढत गेली. 2022 च्या इमारत सुरक्षा कायद्याने फ्लॅटधारकांना आवरणाच्या खर्चापासून बरंच संरक्षण दिलं, आणि बांधकाम कंपन्यांना त्यांच्या इमारती स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायला लावलं. चौकशी समितीचा अंतिम अहवाल 4 सप्टेंबर 2024 रोजी आला, तो मांडताना चौकशीच्या अध्यक्षांनी हे सगळे मृत्यू टाळता आले असते असं स्पष्ट म्हटलं. काम तरीही मंदच. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की धोक्याच्या कितीतरी इमारती अजून ओळखल्याही गेलेल्या नाहीत.

इंग्लंडमधला हा सारा वाद वाचताना मला आपल्या 1969 ची आठवण होत होती. मालक म्हणतो राहणाऱ्याने द्यावं, राहणारा म्हणतो बांधणाऱ्याने द्यावं, आणि तोवर धोका तिथेच. लंडनला 2017 नंतर जे कळलं ते गिरगाव-लालबागच्या चाळींनी आपल्याला अर्धशतक आधी शिकवलं होतं. फरक इतकाच की त्यांनी ते आगीसाठी वापरलं, आपण पडझडीपुरतं ठेवलं.

आपल्या उपकराच्या कायद्यालाही वादाने सोडलं नाही. 1986 च्या दुरुस्तीने भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला उपकरप्राप्त इमारत संपादन करून घेण्याची वाट खुली झाली. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिलं. उच्च न्यायालयाने 1991 मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण तिघांकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे, शेवटी नऊ न्यायमूर्तींकडे गेलं. खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 39(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' आहे का, असा प्रश्न पडला. 5 नोव्हेंबर 2024 रोजी बहुमताने उत्तर आलं: प्रत्येक खासगी मालमत्ता तशी नाही, काही असू शकते, आणि ते ज्या-त्या वस्तूच्या स्वरूपावर ठरेल. देशाच्या मालमत्ता कायद्यातला हा मोठा निकाल मुंबईच्या कुजक्या तुळयांपासून सुरू झाला होता.

आता खंडाळ्याकडे वळू. तालुक्यातून मुंबईला जाणाऱ्यांची वाट उलटी फिरली आहे. शिरवळला औद्योगिक वसाहत आली, लोणंद आणि खंडाळा नगरपंचायती झाल्या, महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने, हॉटेलं, आणि कामगारांसाठी चार-चार, सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. हॉटेलांचे दर्शनी भाग, दुकानांच्या पाट्या, शोरूम यांना रंगीत एसीपी सर्रास लागतं. स्वस्त, चकचकीत, दोन दिवसांत बसतं. आतला थर जळणारा की न जळणारा, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि सुतार-फॅब्रिकेटर सांगत नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. आगीचा 2006 चा कायदाही सगळ्या राज्याला लागू आहे. दुरुस्तीचा निधी मात्र मुंबईच्या बेट शहराच्या वेशीवर संपतो. म्हणजे जी माणसं लालबागच्या गाळ्यात होती तोवर त्यांच्या छपरासाठी सार्वजनिक पैसा होता, त्यांचीच नातवंडं शिरवळला फ्लॅट घेतात तेव्हा तो नाही.

दुरुस्ती मंडळ दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतं. त्याच पाहणीत मीटरची पेटी, जिना आणि डक्ट पाहिले, वायरिंग बदलण्याचा खर्च त्याच उपकरातून केला, तर नवा कायदा लागणार नाही. 'संरचनात्मक' या शब्दाच्या व्याख्येत एक ओळ वाढवावी लागेल. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी पंप आणि रायझरच्या देखभालीचा निधी विकासकाकडून आधी घेऊन महापालिकेकडे ठेवता येईल, त्यालाही इंग्लंडइतके पैसे लागत नाहीत.

याची घाई आता का, याचं कारण वरळीत आहे. मुंबईत 1920 नंतर सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे 207 बीडीडी चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. सातारा, सांगली, रत्नागिरीची माणसं तिथे चार पिढ्या राहिली. त्यांचा मालक सरकारच. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, 500 चौरस फुटांचं घर, 40 मजली इमारत. बीडीडी चाळीत आग लागली तर जिन्याने धावत खाली येता येई. चाळिसाव्या मजल्यावरून येता येत नाही, तिथे पंप, स्प्रिंकलर, रेफ्युज एरिया आणि धुरापासून बंद राहणारा जिना यांच्यावरच जीव. ती यंत्रणा पहिल्या दिवशी नवी आहे. पुढे कधी तिचा पंप बदलायला लागेल तेव्हा तो खर्च 556 घरांतल्या पेन्शनर, माथाडी आणि सुरक्षारक्षकांच्या खिशातून यायचा की कुणाच्या, हे आधीच ठरवून कागदावर असायला हवं.